मानापमानचा प्रयोग पाहिला, पैसे वसूल

रविवारी आईला घेऊन संगीत मानापमान बघून आलो. खाडिलकरांचं १९११ चं नाटक, पण भामिनी निव्वळ गरीब म्हणून धैर्यधराला झिडकारते ना, तो सीन आजही आत लागतो हो, एवढा शूर सेनापती पण तिला फक्त त्याची गरिबीच दिसते. आणि मग तीच वनमाला बनून त्याच्या छावणीत जाते अन् स्वतःच प्रेमात पडते. मला तर नकारापेक्षा ही फसवणूक जास्त टोचली, तो मनापासून बोलतोय आणि समोर कोण आहे हेच त्याला माहीत नाही. भामिनी करणारीने ते अवघडलेपण गाण्यात काय सुंदर आणलंय!! माईक मात्र दोनदा खरखरला, ऑर्गन नीट ऐकूच येईना. पुढच्या रांगेचंच तिकीट काढा.