बागेतल्या शेडला लाइट: चर खणायचा, वरून वायर न्यायची की सोलर?

आधी शेडमध्ये नक्की काय चालवणार ते ठरवा, बाकी सगळं त्यावरच आहे. नुसता एलईडी बल्ब आणि मोबाईल चार्जिंग असेल तर उकराउकरीच्या भानगडीत पडूच नका, 100 वॉटचं सोलर पॅनल आणि 12 व्होल्टची बॅटरी आरामात भागवते. पण 100 एएचची (अँपिअर-अवर) लेड अ‍ॅसिड बॅटरी म्हणजे कागदावर 1200 वॉट-अवर, त्यातलेही निम्मेच वापरायचे नाहीतर ती लवकर बसते, त्यामुळे 2000 वॉटचा हीटर लावलात तर पाव तासात खेळ खल्लास.

ग्राइंडर, कटर असलं काही असेल तर घरातूनच सप्लाय आणावा लागतो आणि त्यात मी तरी जमिनीखालून आर्मर्ड केबलच (आवरणात स्टीलच्या तारांचं कवच असलेली) म्हणेन. मेहनत सगळी खणण्यात जाते. साधारण दोन फूट खोल चर, खाली वाळू, मग केबल, परत वाळू आणि त्याच्या वर वॉर्निंग टेप, म्हणजे उद्या कोणी झाड लावायला कुदळ मारली की आधी टेप दिसते. एवढं खणताच आहात तर केबल एक साइज जाडच टाका. तांब्याच्या 2.5 स्क्वेअर एमएमवर 30 मीटर लांब 20 अँपिअर नेले तर जवळपास 11 व्होल्ट वाटेतच जातात, 4 ची टाकली तर साडेसहा. मोटर सुरू होताना करंट कितीतरी पट ओढते, बारीक केबलवर कटर चालू केला की बल्ब मिचकावतो तो त्यानेच.

खाली खडक किंवा पक्की फरशी असेल तरच वरून. स्टीलची तार ताणायची आणि केबल तिला बांधायची, केबलवर ताण नको, आवरण उन्हात टिकणारं हवं, आणि खांद्यावर शिडी घेऊन गेलं तरी अडकणार नाही एवढी उंची. (कोणीतरी त्यावर टॉवेल वाळत घालणारच, ते वेगळं.) भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्या, पाणी तिथूनच टपकून जातं.

एक्स्टेंशन बोर्ड एक दिवसाच्या कामापुरता ठीक. रीलवर गुंडाळलेला तसाच ठेवून जड मशीन लावलं की आतल्या वायरी तापून वितळतात.

घरातून सप्लाय कसाही न्या, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच) हवाच, आणि कनेक्शन इलेक्ट्रिशियनकडूनच. आर्मरला ग्लँडमधून (केबलचं टोक बॉक्सला घट्ट पकडणारा जोड) अर्थिंग नीट मिळालंय का, शेडजवळ वेगळा अर्थ रॉड लागतो का, हे त्याला मीटर लावून बघू द्या आणि तोपर्यंत चर बुजवू नका.