किल्ल्याच्या पायथ्याशी पार्किंग आणि डिपॉझिटच्या नावाखाली १२,२२० रुपये गेले, नाशिककरांनो हे वाचा

पावसाळा लागला की अख्खं नाशिक त्र्यंबक रोडला लागतं, त्यामुळे हे लिहितोय. आमचे १२,२२० रुपये गेले. पार्किंग, प्रवेश फी, प्लास्टिक डिपॉझिट आणि त्या डिपॉझिटचा "रिफंड" या नावाखाली गेले. किल्ल्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पायथ्याच्या पाड्यातल्या लोकांचा यात काडीचा दोष नाही, उलट त्यांचंच नाव खराब होतंय. त्र्यंबकच्या पुढच्या पट्ट्यातला आहे एवढं पुरे.

आता कोणी म्हणायच्या आत सांगतो, मी फी द्यायच्या विरोधात नाही. अंजनेरीला, पहिन्याला नाक्यावर पैसे घेतात ते मी दरवेळी देतो आणि पावती घेतो. संयुक्त वन व्यवस्थापन समिती असते, गावातलीच पोरं असतात, कचरा उचलतात, गर्दीत लोकांना आवरतात, त्यांना पैसे मिळालेच पाहिजेत. आणि नेमका याच गोष्टीचा त्या हरामखोरांनी फायदा घेतला. आमच्यासारख्या लोकांना फी असते हे माहीत असतं, म्हणून आम्ही वाद घालत नाही.

पुण्याहून ताई-दाजी आलेले, भाचा, भाची, भाच्याचा मित्र, आम्ही दोघं आणि आमची दोन लहान मुलं, दोन गाड्या. रविवार, धो धो पाऊस, त्र्यंबकच्या पुढे सगळं धुकं. मेन रोड सोडून गावाकडे वळतो त्या फाट्यावर रस्त्याला आडवी दोरी बांधलेली, बाजूला ताडपत्री, खाली टेबल, चकाकत्या पट्ट्यांची जाकिटं घातलेली तीन पोरं, एकाच्या हातात शिट्टी, आणि मागे फ्लेक्स, "वाहनतळ व प्रवेश शुल्क", खाली समितीचं नाव आणि कोपऱ्यात कसलातरी सरकारी वाटावा असा गोल शिक्का छापलेला. आमच्या पुढे पुण्या-मुंबईच्या सात-आठ गाड्या थांबलेल्या आणि सगळे निमूट पैसे देत होते. अशा ठिकाणी कुणाला संशय येईल सांगा.

म्हणाले वरचं पार्किंग फुल झालंय, पुढे गाडी नेली तर हजार रुपये दंड बसेल, इथंच लावा, वरती जायला आमची जीप आहे. पार्किंग एका गाडीचे १५०, म्हणजे ३००. मोठ्या माणसाला ६० प्रमाणे सात जणांचे ४२०. दोन मुलांचे ३० प्रमाणे ६०. प्लास्टिकच्या बाटल्या परत आणल्या तर परत मिळणारं डिपॉझिट गाडीमागे ५००, म्हणजे १,०००. झाले १,७८०. वर जीपचे माणशी ५०, नऊ जणांचे ४५०, मुलांनाही सूट नाही. एका वहीत दोन्ही गाड्यांचे नंबर आणि मोबाईल नंबर लिहून घेतले, "डिपॉझिट परत करायला लागतो ना साहेब". बाटल्यांचं डिपॉझिट काही गडांवर खरोखर घेतात आणि परतही देतात, त्यामुळे ते ऐकून उलट बरं वाटलं.

आता ती गोष्ट, जी आठवली की आजही डोकं फिरतं. मी रोख द्यायला पाकीट काढलं तर तो म्हणाला कॅश घेत नाही, वरून ऑर्डर आहे, स्कॅन करा. स्कॅन केलं. स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्यातरी मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. समितीचं नाही, ग्रामपंचायतीचं नाही, वनविभागाचं तर नाहीच. माझ्या डोळ्यांनी मी ते वाचलं आणि विचारलंसुद्धा, हे कुणाचं नाव आहे. तो म्हणाला समितीचं खातं केवायसीसाठी बंद आहे म्हणून सेक्रेटरीच्या भावाचा कोड लावलाय. मागून गाड्यांचे हॉर्न चालू, खिडकीतून पाऊस आत, पोरगी रडतेय, दाजी म्हणतायत अरे दे ना, मी पिन टाकला. तिथंच थांबायला पाहिजे होतं, तेवढा एकच क्षण होता. पण मला सांगा, रस्त्यावर दोरी बांधून, फ्लेक्स लावून भर दिवसा तीन माणसं शेकडो गाड्या अडवतात, हे कुणाच्याच नजरेला पडत नसेल असं सामान्य माणसाने का समजायचं? कोणी ना कोणी परवानगी दिली असेल असंच वाटणार.

पावतीचंही तेच. पिवळा कागद, त्यावर पार्किंग असं छापलेलं आणि पेनाने आकडा. पुस्तक क्रमांक नाही, छापील पावती क्रमांक नाही, तारीख नाही, सही म्हणजे एक रेघ. ज्याने कधी घरपट्टी भरलीय त्याला ग्रामपंचायतीची नमुना १० ची पावती माहीत असते, छापील नंबर असतो, पंचायतीचं नाव, तालुका, जिल्हा असतो. पावती हातात पडली की आधी नंबर बघा, मग खिशात घाला.

जीपने वर सोडलं. वर खरा नाका. तिथली समितीची माणसं खुर्च्या टाकून बसलेली, त्यांनी माणशी ३० रुपये मागितले. मी पिवळी पावती दाखवली तर त्या माणसाने ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला दादा हे आमचं नाय, खाली आमचा माणूसच नसतो. आणि पार्किंग? अर्धं मोकळं होतं! आमच्या दोन्ही गाड्या आरामात मावल्या असत्या. मोठ्यांचे २१० रुपये पुन्हा भरले, मुलांचे त्यांनी घेतले नाहीत. हे २१० मी फसवणुकीत धरत नाही, ते हक्काचे होते, रीतसर पावती मिळाली.

तिथंच परत फिरून त्या पोरांना धरायचं होतं, पण खाली जायला जीप नाही, ती गेली ती गेलीच. पुण्याहून आलेले पाहुणे, मुलं नाचतायत गडावर जायचं म्हणून, मग चढलो. उतरल्यावर भर पावसात लहान मुलांना घेऊन तीन-साडेतीन किलोमीटर चालत फाट्यावर आलो. दोरी नाही, टेबल नाही, फ्लेक्स नाही, काहीच नाही. गाड्या तेवढ्या होत्या, आणि त्यांच्याशेजारी एक म्हातारे बाबा डोक्यावर इरलं घेऊन उभे. ती वरकस जमीन त्यांची. त्यांना कोणी विचारलंही नव्हतं, बांध तुडवला होता, खालच्या खाचरातली लावणी चाकाने चिरडली होती. आम्ही माफी मागितली, नुकसानीचे पैसे देऊ म्हटलं तर ते नको म्हणाले, तुमचं काय चुकलं म्हणाले. त्या बाबांचं जे नुकसान झालं त्याचं पुढे एकाही ऑफिसात कोणी नाव काढलं नाही.

आणि मग मोठा घाव. संध्याकाळी परत येताना घाटात असताना बायकोच्या मोबाईलवर फोन, कारण वहीत एका गाडीपुढे तिचा नंबर दिलेला. गाडी नंबर बरोबर, दोन गाड्यांचं डिपॉझिट १,००० बरोबर, "मॅडम तुमची जीप चुकली म्हणून सॉरी, डिपॉझिट आणि जीपचे पैसे परत पाठवतो, क्यूआर टाकलाय तो स्कॅन करा". स्वतःहून सॉरी म्हणणाऱ्या माणसावर विश्वास बसतो. मी गाडी चालवत होतो, धुक्यात समोरचा ट्रक दिसत नव्हता, मागे मुलाला उलटी होत होती, रेंज येत-जात होती. स्क्रीनवर ९,९९० आकडा होता, ती म्हणालीसुद्धा की हा कसला आकडा, तर तो म्हणाला तो रेफरन्स नंबर आहे, पिन टाका म्हणजे व्हेरिफाय होईल. गेले. ९,९९०. दहा हजाराच्या आत ठेवलेला आकडा.

तिला कोणी एक शब्द बोललेलं मी ऐकून घेणार नाही. ती बँकेचे सगळे व्यवहार एकटी बघते. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे तिलाही माहीत आहे, मलाही आहे, वाचणाऱ्या प्रत्येकाला आहे. पण तो अनोळखी माणूस नव्हता ना, सकाळी आम्ही त्याच्या वहीत नाव लिहून आलो होतो. सगळी गंमत तिथंच आहे, रस्त्यावरचे १,७८० हे त्यांचं खरं उत्पन्नच नव्हतं, त्यांना ती वही हवी होती. शेकडो गाड्या, शेकडो मोबाईल नंबर. म्हणून कुठल्याही नाक्यावर मोबाईल नंबर देऊ नका. गाडीच्या नंबरावर पावती होते. डिपॉझिट रोख द्या आणि त्याच टेबलावर रोख परत घ्या, फोनवर परत येणारं डिपॉझिट नसतं.

आता सरकारी दरवाजे. त्र्यंबकला रेंज आल्यावर पहिलं १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावला, थोडा वेळ लागला पण लागला, तक्रार घेतली, क्रमांकाचा मेसेज आला. एवढी एकच गोष्ट नीट झाली. पैसे पुढच्या खात्यातून आधीच काढलेले निघाले. तरी सांगतो, घरी जाऊन बघू असं करू नका, रस्त्यातच गाडी बाजूला घ्या आणि १९३० लावा, पैसे खात्यात असेपर्यंतच ते गोठवता येतात.

दुसऱ्या दिवशी बँकेत, तुम्ही स्वतः पिन टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही. शहरातल्या पोलीस ठाण्यात गेलो, घटना ग्रामीणच्या हद्दीतली, तिकडे जा. ऑफिसला सुट्टी टाकून तिकडे गेलो, पैसे ऑनलाईन गेले ना, तुमचं खातं शहरात, मग सायबरला जा. सायबरला, १९३० ला नोंद आहे ना, मग वाट बघा. मी म्हटलं रस्ता अडवून खोट्या पावत्या फाडल्या त्याचं काय, तर एक साहेब म्हणाले, पार्किंगचे दीडशे रुपये काय घेऊन बसलात. दीडशे? एका गाडीचे दीडशे, रविवारी किती गाड्या जातात तो हिशोब करा ना साहेब! १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची. हे मी तिथं बोललो तर माझ्याकडे असं बघितलं की जसा मीच आरोपी आहे. शेवटी एक साधा अर्ज घेऊन त्यावर पोच दिली. एफआयआर नाही.

वनखात्याच्या ऑफिसात, आमची हद्द नाक्यापासून वर, खालचा रस्ता आमचा नाही. म्हटलं तुमच्या समितीचं नाव फ्लेक्सवर होतं, फोटो दाखवा म्हणाले. धो धो पावसात दोन मुलं घेऊन मी फ्लेक्सचे फोटो काढत बसायचं? ग्रामपंचायतीत, असा कुठलाही ठराव झालेला नाही. मग ठराव नाही असा बोर्ड फाट्यावर लावा, खरा दर काय, कुठं घेतात, पावती कशी असते, एवढं लिहा. त्याला फंड नाही. सिंहस्थ तोंडावर आलाय, २०२७ ला लाखो लोक त्र्यंबकला येतील, त्यातले कितीतरी आजूबाजूचे गड बघायला जाणार, आणि एका फाट्यावर एक पत्र्याचा बोर्ड लावायला फंड नाही. प्रत्येक जण आपली हद्द कुठं संपते तेवढंच सांगतो. जिथं सगळ्यांची हद्द संपते बरोबर तिथं ती दोरी बांधलेली होती.

ज्या गडांना दोन बाजूंनी वाटा आहेत तिथं जास्त जपा. हरिहरला निरगुडपाड्याकडून जाता येतं आणि हर्षेवाडीकडूनही, नवखा माणूस कुठं गाडी लावायची या गोंधळातच असतो. निघायच्या आधी कुणी नुकतंच जाऊन आलेलं असेल त्याला विचारून घ्या की नाका नेमका कुठं आहे. वरचं पार्किंग फुल आहे म्हणाले तर एका माणसाला चालत किंवा बाईकवर पुढे पाठवून बघा. खाली येणाऱ्या गाडीला हात करून विचारलं असतं तरी आमचं भागलं असतं, पण तेव्हा खाली एकही गाडी येत नव्हती. क्यूआरवर दुकानाचं किंवा माणसाचं नाव आलं की पिन टाकायचा नाही, मागचे कितीही हॉर्न वाजवूदेत. दमदाटी केली तर ११२ लावा, निदान वेळेची नोंद राहते.

मी आता माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. त्या रस्त्यावर शुल्क घ्यायचा अधिकार कुणाला दिलाय, ठरावाची प्रत द्या, ठेका असेल तर ठेक्याची प्रत द्या, आणि पावती पुस्तकाचा नमुना द्या. तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं, तोंडी हद्दी सांगून चालत नाही. आणि ज्यांच्याकडे अशी बिननंबरची पिवळी पावती असेल त्यांनी ती फाडू नका. तुमचे दीडशेच गेले असले तरी तक्रार करा, त्या पावतीचा फोटो, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनवर आलेलं नाव जोडून. सायबरवाल्यांनी मला तोंडावर सांगितलं की एकट्या माणसाच्या तक्रारीवर टीम जात नाही, त्याच खात्यावर आणखी तक्रारी आल्या तर बघू.