छेदनबिंदू कोणी शोधायचा? टिक्झ, मेटापोस्ट, असिम्टोट आणि माऊसने चालणारी साधनं

दोन वक्र काढायचे, ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे ठिपका द्यायचा आणि ठिपक्याशेजारी एक अक्षर लिहायचं. गणिताच्या लेखांतली बरीच चित्रं एवढीच असतात. लेटेकमध्ये (आज्ञा लिहून गणिती लेख जुळवणाऱ्या प्रणालीत) लिहिणाऱ्या नवख्या माणसाने यासाठी साधन विचारलं की उत्तर ठरलेलं: टिक्झ घ्या, म्हणजे लेटेकमध्येच आज्ञांनी चित्र काढणारं पॅकेज. हा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. कारण खरा फरक रेघ किती सुबक येते यात नाही, ती सगळीकडे सुबकच येते. छेदनबिंदू कोण शोधतं यात तो आहे. तुम्ही बीजगणिताने शोधता, साधन काढलेल्या वक्रांवरून शोधतं, की तुम्ही नजरेने ठिपका बसवता? आणि उद्या वक्र थोडा सरकवला तर ठिपका त्याच्यामागे जातो की जुन्याच जागी बसून राहतो?

पारखायला एक साधं उदाहरण घेऊ. य = क्ष² हा अन्वस्त आणि य = क्ष + २ ही रेषा. छेदनबिंदू (−१, १) आणि (२, ४), हे तोंडीही निघतं. सोबत दुसरी रेषा घेऊ, य = २क्ष − १. ही अन्वस्ताला छेदत नाही, फक्त (१, १) इथे स्पर्श करते. साधनाची खरी परीक्षा ही दुसरी रेषा घेते.

टिक्झ आणि त्याचा परिवार

टिल टान्टाऊ यांनी सुरू केलेल्या या पॅकेजचं मॅन्युअल तेराशे पानांच्या वर आहे. आपल्याला त्यातलं लागतं थोडंच: प्रत्येक वक्राला नाव द्यायचं, छेदनबिंदूंची लायब्ररी बोलवायची, ‘या दोन नावांचे छेद दे’ म्हणायचं आणि मिळालेल्या बिंदूंना आपली नावं लावायची. पुढे त्या नावांवरून लंब टाका, जोडरेषा काढा, काहीही करा. वक्र बदलला की सगळं आपोआप सरकतं. लेटेकच्या आतच काम होतं, वेगळा प्रोग्रॅम लागत नाही, चित्रातलं अक्षर लेखातल्या अक्षरासारखंच दिसतं. एवढ्यावर बहुतेक जण खूश असतात, आणि त्यात गैर काही नाही.

पण आत काय चालतं ते माहीत असावं. फलाचा आलेख काढताना टिक्झ काहीच सांगितलं नाही तर −५ ते ५ या पट्ट्यात २५ नमुना-बिंदू घेतं आणि ते सरळ रेषाखंडांनी जोडतं. म्हणजे तुमचा अन्वस्त हा अन्वस्त नसून २४ जीवांची साखळी असते. तिला य = क्ष + २ ही रेषा उजवीकडे छेदते ती (२, ४) मध्ये नव्हे, तर साधारण (१.९९, ३.९९) मध्ये. एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर धरला तर फरक दशांश मिलिमीटरचा, ठिपक्याखाली सहज झाकला जाणारा. इथपर्यंत तक्रार नाही.

आता स्पर्श करणारी रेषा घ्या. अन्वस्ताच्या जीवा नेहमी अन्वस्ताच्या वर असतात आणि स्पर्शिका खाली. क्ष = १ हा त्या २५ नमुन्यांत येत नाही. मग साखळी आणि रेषा एकमेकींना कुठेच भेटत नाहीत! छेदांची संख्या शून्य, आणि त्या नावाचा बिंदूच नाही अशी तक्रार करून टिक्झ थांबतं. नवखा माणूस इथे अर्धविरामाची चूक शोधत बसतो. नमुने वाढवून प्रश्न सुटतोच असं नाही, वेळ मात्र हमखास जास्त लागतो, कारण एका वक्राचा प्रत्येक तुकडा दुसऱ्याच्या प्रत्येक तुकड्याशी ताडून पाहण्याचं काम टेकच्या, म्हणजे लेटेकच्या मुळाशी असलेल्या प्रणालीच्या, संथ अंकगणितात होतं. अन्वस्तापुरता एक सुंदर मार्ग आहे. अन्वस्ताचा कोणताही तुकडा बेझिए वक्राने (दोन टोकं आणि वळण ठरवणारे दोन हँडल-बिंदू यांनी बनणाऱ्या वक्राने) तंतोतंत काढता येतो: दोन्ही टोकांच्या स्पर्शिका जिथे मिळतात तो बिंदू घ्या आणि प्रत्येक टोकापासून त्याच्याकडे दोन-तृतीयांश अंतरावर हँडल ठेवा. तरीही नुसता स्पर्श ओळखणं ही कोणत्याही संख्यात्मक पद्धतीची दुखरी जागा आहे. बिंदू मिळत नाही किंवा एकाच जागी दोन-तीन मिळतात. म्हणून माझा नियम सोपा आहे: स्पर्शबिंदू साधनाला विचारू नका, स्वतः काढा आणि सहनिर्देशक लिहून टाका. बीजगणिताला उत्तर माहीत असताना चित्राला विचारायचंच कशाला?

आणखी दोन खोड्या. छेदनबिंदू डावीकडून उजवीकडे अशा क्रमाने येतील याची हमी नाही. आज दोन छेदांपैकी प हा बिंदू डावीकडे आहे, पट्टा थोडा बदलला की प आणि फ जागा बदलतात. अमुक वक्रावरून जाताना लागतील त्या क्रमाने लाव, असं स्पष्ट सांगायची सोय आहे, ती पहिल्यापासून वापरावी. दुसरी खोडी लांबीच्या मर्यादेची. टेकमध्ये कोणतीही लांबी सुमारे १६३८४ पॉइंटपेक्षा, म्हणजे पावणेसहा मीटरपेक्षा मोठी असू शकत नाही. कागदासाठी हे भरपूर वाटतं, पण घातांकी फल काढायला घेतलं की भिंत लगेच येते. अशा वेळी टिक्झवरच उभं असलेलं पीजीएफप्लॉट्स घ्यावं. ते मोठ्या संख्या सांभाळतं, अक्ष आणि त्यावरच्या खुणा नीट काढतं आणि दोन वक्रांमधला भाग रंगवायची सोयही देतं. आलेखांसाठी मी नुसतं टिक्झ सुचवणारच नाही.

वर्तुळांची काळजी नको. चार बेझिए तुकड्यांनी काढलेल्या वर्तुळाची त्रिज्या जास्तीत जास्त ०.०२७ टक्के चुकते. ३ सेंटिमीटर त्रिज्येवर ती चूक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरते. चित्रात केवळ रेषा आणि वर्तुळंच असतील, म्हणजे शुद्ध युक्लिडीय भूमिती असेल, तर टीकेझेड-युक्लिड हे पॅकेज अधिक बरं, कारण ते काढलेल्या रेघेवरून नव्हे तर सूत्राने छेद काढतं.

मेटापोस्ट

जॉन हॉबी यांनी टेकचे जनक डोनाल्ड क्नुथ यांच्या मेटाफाँट या अक्षरांचे आकार काढायच्या भाषेवर आधारून बनवलेली ही भाषा आज कमी लोक वापरतात. पण हिच्यात एक गोष्ट अशी आहे की एकदा हात बसला की दुसरीकडे करमत नाही: तुम्ही समीकरणं लिहिता, सोडवते ती. ‘हा बिंदू या दोन बिंदूंमधल्या रेषेवर कुठेतरी आहे आणि त्या दुसऱ्या दोन बिंदूंमधल्या रेषेवरही कुठेतरी आहे’ एवढं सांगितलं की रेषांचा छेदनबिंदू हजर. वक्रांच्या बाबतीत ती कंजूष आहे. दोन वक्र कितीही ठिकाणी छेदत असले तरी नेहमीची आज्ञा एकच बिंदू देते. दुसरा हवा असेल तर वक्र पहिल्या छेदाशी कापून उरलेल्या तुकड्याला पुन्हा विचारावं लागतं. चार-पाच छेद असले की हे कंटाळवाणं होतं.

ज्या वक्रांना सूत्रच नाही, दिलेल्या बिंदूंतून जाणारी मुक्त, गुळगुळीत वळणं हवी आहेत, तिथे हॉबींची पद्धत अजून नजरेला सर्वांत सुखावह वाटते. टिक्झमध्येही ती वेगळ्या लायब्ररीने आणता येते. मेटापोस्टचं जुनं अंकगणित ४०९६ पर्यंतच्या संख्यांचं आणि १/६५५३६ इतक्या सूक्ष्मतेचं होतं. आता दुप्पट अचूकतेचा पर्यायही मिळतो. लुआलेटेक (लुआ भाषा जोडलेलं लेटेक) वापरत असाल तर मेटापोस्ट फाइलच्या आतच चालते, आणि कॉनटेक्स्ट या लेटेकसारख्याच दुसऱ्या प्रणालीत तर ती घरचीच आहे.

असिम्टोट

अँडी हॅमरलिंडल, जॉन बोमन आणि टॉम प्रिन्स यांची ही निर्मिती २००४ सालची. मेटापोस्टचा वारसा घेतला, पण भाषा सी++ सारखी ठेवली. इथे दोन वक्रांचे सगळे छेदनबिंदू एका यादीत मिळतात. यादीवर फेरी मारा, प्रत्येकाला ठिपका आणि क्रमांक द्या. वक्र दहा ठिकाणी छेदत असोत की तीन, ओळी तेवढ्याच.

आलेख आतून रेषाखंडांचे असणं इथेही सुटत नाही, नमुने फक्त जास्त असतात. मात्र हातात खरी प्रोग्रॅमिंग भाषा असल्याने तुम्ही चित्राला बाजूला ठेवू शकता. य = कोसाइन क्ष आणि य = क्ष यांचा छेद घ्या, जो क्ष ≈ ०.७३९ ला येतो. त्याला बीजगणिती सूत्र नाही. असिम्टोटमध्ये न्यूटनची पद्धत तयार मिळते: फल द्या, त्याचं विकलन द्या, सुरुवातीचा अंदाज द्या. मूळ मिळतं ते फलाचं, काढलेल्या रेघेचं नव्हे, आणि ठिपका तिथेच बसतो. प्राचल बदलून त्याच चित्राच्या सहा आवृत्त्या हव्या असतील तर मी दुसरीकडे बघणारही नाही. त्रिमितीतही, गोल आणि प्रतल यांचा छेद, मागे लपलेला भाग, तिथे टिक्झशी तुलनाच नको.

किंमत आहे ती कामाच्या साखळीत. आधी लेटेक, मग असिम्टोट, मग पुन्हा लेटेक. सहलेखकाच्या संगणकावर ते नसेल तर चित्र नाही. नियतकालिकांच्या सर्व्हरवर बाहेरचा प्रोग्रॅम चालवायची मुभा सहसा नसते, म्हणून पाठवताना तयार पीडीएफ चित्रंच पाठवावी लागतात. एकट्याने लिहीत असाल तर ही अडचण नगण्य.

पीएसट्रिक्स या लेटेकच्या जुन्या चित्र-पॅकेजबद्दल थोडक्यात: गणित पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेकडे सोपवत असल्याने वेगवान आणि ताकदवान, पण थेट पीडीएफ बनवणाऱ्या पीडीएफलेटेकमध्ये सरळ चालत नाही. जुन्या फाइली असतील तर जपा, नव्याने शिकायला जाऊ नका.

माऊसने काढायचं तर

जिओजेब्रा या भूमितीच्या प्रोग्रॅममध्ये छेदनबिंदू म्हणजे दोन क्लिक, आणि तो बिंदू वक्राबरोबर हलतोही. तिथून टिक्झ, पीएसट्रिक्स किंवा असिम्टोटमध्ये निर्यात करता येते. पण निर्यातीत नातं तुटतं. हा बिंदू छेदाचा होता ही गोष्ट हरवते, उरतात लांबलचक दशांशांचे सहनिर्देशक. पुढच्या महिन्यात बदल करायचा तर पुन्हा मूळ फाइलकडे जावं लागतं. आकृती कशी दिसेल हे ठरवायला जिओजेब्रा उत्तम, अंतिम प्रतीसाठी ती हाताने टिक्झमध्ये उतरवून घ्यावी.

एकदाच लागणाऱ्या चित्रासाठी ऑटफ्रीड चेओंग यांचा आयपी (Ipe) हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम माझा आवडता. कर्सर छेदनबिंदूवर चुंबकासारखा चिकटतो आणि अक्षरं लेटेकच जुळवतं. इंकस्केप या चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्येही कर्सर छेदाला चिकटवता येतो आणि मजकूर लेटेककडे सोपवता येतो. मात्र नंतर चित्र लहान-मोठं केलं तर अक्षरांचा आकार तोच राहतो आणि ती रेघांवर सरकतात.

नाव कुठे लिहायचं

ठिपक्याच्या वर उजवीकडे अक्षर टाकायची सवय सगळ्यांना असते. आपल्या उदाहरणात (२, ४) शी ते करून पाहा: य = क्ष + २ ही रेषा बरोबर त्याच दिशेने, ४५ अंशांत वर जाते, आणि अक्षर रेघेवर बसतं. छेदनबिंदूभोवती चार कोन होतात, अक्षर सर्वांत रुंद कोनात जावं. दोन्ही अक्षांवर एकक सारखं असेल तर इथे अन्वस्ताचा चढ ४ आणि रेषेचा १, त्यामुळे वरचा-उजवा कोन जेमतेम ३१ अंशांचा, तर खाली उजवीकडचा तब्बल १४९ अंशांचा. (−१, १) शी मात्र जवळजवळ सरळ डावीकडे जागा आहे. मेटापोस्टमध्ये अशा आठ ठरलेल्या दिशा मिळतात. टिक्झमध्ये कोन अंशांत देता येतो. असिम्टोटमध्ये कोणतीही दिशा चालते, शिवाय चित्राची रुंदी ६ सेंटिमीटर सांगितली तर अक्षरांसकट ती ६ सेंटिमीटरच भरते.

ठिपके शेवटी काढा, नाहीतर वक्र त्यांच्यावरून जातो. गर्दीत अक्षरामागे पांढरी पार्श्वभूमी चालते, पण तिच्यामुळे वक्र तुटलेला दिसत नाही ना ते पाहा. तयार चित्र रुंदी देऊन ताणू नका, ठिपके फुगतात आणि अक्षर लेखातल्या अक्षरापेक्षा मोठं होतं. त्याऐवजी एकक बदला.

बिंदूंना अ, ब, क अशी देवनागरी नावं द्यायची असतील तर टिक्झ झीलेटेक किंवा लुआलेटेक या लेटेकच्या युनिकोड जाणणाऱ्या आवृत्त्यांवर चालवा. असिम्टोटच्या सेटिंगमध्येही यांपैकी एक इंजिन निवडावं लागतं. मेटापोस्ट वापरायचंच तर लुआलेटेकच्या आतून वापरा.