150 डिग्रीच्या तेलातली सील: व्हायटॉन की एचएनबीआर?

साधं नायट्राईल रबर 120 च्या पुढे कडक होऊन तडकतं, सिलिकॉन तेलात फुगतं आणि मोल्डमधून काढतानाच फाटतं, त्यामुळे गरम तेलाच्या सीलसाठी कंपाउंड (रबराचं मिश्रण) सेट करायचं तर शेवटी व्हायटॉन म्हणजे फ्लोरिनवालं रबर आणि एचएनबीआर म्हणजे हायड्रोजन जोडलेलं नायट्राईल, हे दोनच उरतात.

टेंपरेचरला व्हायटॉन पुढे, यात वादच नाही. 200 ला आरामात चालतं, एचएनबीआर 150 च्या आसपास दमतं. पण पार्टीला एकदा विचारा की तेल खरंच 200 ला जातं का, कारण ड्रॉइंगवर 200 टाकणारे बरेच जण नुसतं सेफ्टी म्हणून टाकतात आणि गिअरबॉक्स 120 च्या वर जातच नाही, निदान मला तरी असेच जास्त भेटलेत. किलोच्या रेटवरही जाऊ नका. स्वस्त दोन्ही नाहीत, पण व्हायटॉनची डेन्सिटी 1.8 च्या वर आणि एचएनबीआर कंपाउंडची 1.2 च्या आसपास, म्हणजे व्हायटॉनच्या किलोमागे रिंगा कमी निघतात आणि आपण विकतो नगावर.

माझं डोकं खरं उठवलं ते पोस्ट क्युअरने, म्हणजे प्रेसनंतर ओव्हनमध्ये रबर पुन्हा शिजवण्याने. प्रेसमधून निघालेलं व्हायटॉन अर्धंच शिजलेलं असतं, मग 200 च्या वर ओव्हनमध्ये 16 ते 24 तास, त्यात जाड पार्ट असेल तर टेंपरेचर टप्प्याटप्प्याने चढवायचं नाहीतर आतून फुटतो, धूर बाहेर काढायला एक्झॉस्ट वेगळा, आणि आमच्याकडे भोसरीला गुरुवारी मेंटेनन्सला लाइट गेली की बुधवारी रात्री लावलेला लॉट मध्येच लटकतो, मग तो पूर्ण झाला की नाही हे कंप्रेशन सेट (दाबून सोडल्यावर रबर किती चपटं राहतं ती टेस्ट) काढेपर्यंत कळत नाही आणि पार्टीचा फोन चालूच. छोट्या युनिटला एकच ओव्हन असतो हो. एचएनबीआरला पेरॉक्साइड क्युअर (पेरॉक्साइड केमिकल घालून शिजवणं) करून ओव्हनमध्ये 150 ला चार तास दिले की माझं तरी काम होतं.

अजून एक, गिअर ऑईलमध्ये अमाईन जातीच्या केमिकलचे ॲडिटिव्ह असतील तर साधं, बिस्फेनॉल केमिकलने क्युअर केलेलं व्हायटॉन हळूहळू कडक होत जातं. एचएनबीआरला त्याचं फारसं काही वाटत नाही.

अर्थात 170-180 ला सतत चालणारं काम असेल किंवा पेट्रोलशी संबंध असेल तर गुपचूप व्हायटॉन घ्या, तिथे मी पण तेच देतो. बाकीच्यांना आधी एचएनबीआरचं सॅम्पल लावून बघा. आणि वाफेची लाइन असेल तर या दोघांच्या आधी पेरॉक्साइडवालं ईपीडीएम हे तिसरं रबर बघा, फक्त त्याला तेलाचा हात लागू देऊ नका.