निळ्या डोळ्यांचं पर्शियन पिल्लू घेताय? आधी त्याचे दात बघा

पुण्यात पर्शियन मांजराचं पिल्लू शोधणाऱ्यांनी हे नक्की वाचा. आमच्याकडून १२,००० रुपये घेतले गेले, त्यातले २,००० निव्वळ 'निळ्या डोळ्यांचे'. ऑनलाइन जाहिरातीत लिहिलं होतं: वय दोन महिने, लशीचे दोन्ही डोस झालेले, ट्रिपल कोट (म्हणजे खूप दाट केसांचं). पिल्लाची आई बघायला येतो म्हटलं, तर "ती गावाला आहे, पिल्लू मीच घरपोच आणून देतो" असं उत्तर आलं.

पिल्लू आलं ते मलूलच. गाईचं दूध पाजा असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. त्याने जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी वजन केलं, ४५० ग्रॅम. तोंड उघडून पाहिलं तर दुधाच्या दाढा जेमतेम फुटत होत्या. "पाच आठवड्यांच्या वर नाही हे. अजून आईजवळ हवं होतं," त्या म्हणाल्या. दोन महिन्यांचं धडधाकट पिल्लू ८०० ग्रॅमच्या आसपास भरतं.

वय खोटं निघालं आणि त्याच्या आधारावरचं बाकी सगळंच ढासळलं. मांजरांची तिहेरी लस (पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी विषाणूंवरची) साधारण आठव्या आठवड्याला सुरू होते आणि पुढचा डोस तीन-चार आठवड्यांनी देतात. मग याचे दोन डोस झाले कधी? पिल्लासोबत दिलेल्या लसीकरण कार्डावर लशीच्या बाटलीचं स्टिकर होतं, पण डॉक्टरांचा शिक्का नव्हता की नोंदणी क्रमांक नव्हता. पॅनल्युकोपेनिया लहान पिल्लांना बघता बघता संपवतो. त्या खोट्या कार्डावर विसंबून राहिलो असतो तर पिल्लू लशीविनाच राहिलं असतं.

डोळ्यांचं तर ऐकाच. मांजराच्या जवळजवळ सगळ्याच पिल्लांचे डोळे सुरुवातीला निळसर असतात, अगदी जिन्याखाली व्यालेल्या गावठी मांजरीच्या पिल्लांचेसुद्धा. सहा-सात आठवड्यांनंतर खरा रंग उतरायला लागतो. आमच्या पिल्लाचे डोळे आता तांबूस पिवळे आहेत, आणि सुंदर आहेत, पण पैसे घेतले ते निळ्याचे. जातीचंही तेच. गोल रुंद डोकं, आखूड पाय, बसकं नाक ही पर्शियनची ठेवण वाढत्या वयात स्पष्ट होते. एवढ्या कोवळ्या वयात लांब केसांचं कुठलंही पिल्लू पर्शियन म्हणून खपवता येतं. खऱ्या पर्शियनमध्ये मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यासाठी डीएनए चाचणी असते, आणि आई-बापाचा तो अहवाल मागितला की विकणारा किती खरा आहे ते कळतं.

मला सर्वांत जास्त संताप आला तो कानामागच्या चट्ट्याचा. त्यावर पावडर थापलेली होती. ते गजकर्ण निघालं, आणि माझ्या मुलीच्या हातावर उठलं. दोघांचे उपचार बराच काळ चालले. घरातली अंथरुणं, सोफ्याचे अभ्रे पुन्हा पुन्हा धुवावे लागले. माणसाची औषधं मांजराला परस्पर देऊ नका. पॅरासिटामॉल तर त्यांच्यासाठी विषच आहे.

२०१८च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक विचारा. पिल्लू आईजवळ असतानाचा व्हिडिओ कॉल मागा, आणि पैसे देण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून वजन व दात तपासून घ्या. आम्ही जाब विचारल्यावर त्याने नंबर ब्लॉक केला. पोलिसांत तक्रार दिली आहे. तेच फोटो आता दुसऱ्या नावाने १५,००० रुपयांना लागले आहेत, वय पुन्हा 'दोन महिने'.