जुना डॉट मॅट्रिक्स, नवा कॉम्प्युटर: केबल, कार्ड की जुना पीसीच?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बऱ्याच दुकानांत, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांत कॉम्प्युटर बदलायची वेळ आली. प्रिंटर मात्र कुणालाच बदलायचा नसतो. जीएसटीत मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात: घेणाऱ्याची, वाहतूकदाराची आणि आपली. कार्बनच्या कागदावर तिन्ही एका ठोक्यात काढणं लेझरचं काम नव्हे. पण जुन्या प्रिंटरला ३६ पिनांचं पॅरलल सॉकेट, आणि नव्या कॉम्प्युटरला पॅरलल पोर्टच नाही.

काय घ्यायचं हे प्रिंटरपेक्षा तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरवर ठरतं. ते विंडोजच्या प्रिंटर यादीतून छापत असेल, तर काही शे रुपयांची यूएसबी-पॅरलल केबल पुरते. लॅपटॉप असेल तर तसाही दुसरा सोपा मार्ग नाही. मात्र ही केबल खरा एलपीटी-१ (विंडोजमधलं पहिल्या पॅरलल पोर्टचं नाव) देत नाही. विंडोजला यूएसबीवरचा एक प्रिंटर दिसतो, बस्स. थेट एलपीटी-१ वर छापणारा प्रोग्रॅम इथे गप्प बसतो. प्रिंटर शेअर करून ‘नेट यूज’ आज्ञेने एलपीटी-१ त्याच्याकडे वळवला की बहुतेकदा काम होतं. पोर्टला अडकवायचं जुनं हार्डवेअर लॉक (ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती डबी) असेल, तर या केबलवर पैसे घालवू नका. ते तिथे ओळखलंच जात नाही.

डेस्कटॉप असेल आणि प्रोग्रॅम थेट पोर्टवर लिहीत असेल, तर माझं मत कॅबिनेटच्या आत, मदरबोर्डावर बसणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस पॅरलल कार्डाला. विंडोज त्याला खरा पॅरलल पोर्ट मानतं. नंबर एलपीटी-३ आला तर डिव्हाइस मॅनेजरमधून एलपीटी-१ करून घ्या. विंडोज ११ चा ६४ बिटांचा ड्रायव्हर मिळतो का, हे दुकानदाराला आधी विचारा. बारीक कॅबिनेट असेल तर कार्ड मागच्या बाजूला बसवायची आखूड पट्टीही मागून घ्या. त्याआधी मदरबोर्डाचं मॅन्युअल चाळा: काही बोर्डांवर एलपीटीच्या पिना असतातच, फक्त पट्टी आणि वायर जोडायची.

डॉसमधला फॉक्सप्रोचा (जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला) प्रोग्रॅम असेल तर ही चर्चाच वेगळी. विंडोज ११ फक्त ६४ बिटांत येतं, त्यावर डॉसचा १६ बिटांचा प्रोग्रॅम उघडतच नाही. मग डॉसबॉक्स-एक्ससारखा एम्युलेटर (नव्या विंडोजमध्ये जुना डॉस पीसी उभा करणारं सॉफ्टवेअर), नाहीतर जुना पीसी त्या एका कामापुरता ठेवणं. ठेवलात तर इंटरनेटपासून लांब ठेवा. एक्सपीच्या मशीनवरचा प्रिंटर नेटवर्कवरून वापरायचा मोह टाळा: त्याला लागणारं एसएमबी-१ (फाइल-प्रिंटर शेअर करायची जुनी पद्धत) नव्या विंडोजमध्ये मुळात बंद असतं, आणि २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच वाटेने पसरला होता.

राहिला नवा प्रिंटर. छपाईत आडवी पांढरी रेघ येत असेल, म्हणजे हेडची पिन गेली असेल, तर केबल-कार्डाचा खटाटोप कशाला? एप्सन एलएक्स-३१० ला यूएसबी आणि पॅरलल दोन्ही आहेत. फक्त तो ८० कॉलमचा, म्हणजे एका ओळीत साधारण ८० अक्षरं छापणारा आहे. रुंद कागदावर छापणाऱ्यांनी १३६ कॉलमचं मॉडेल बघावं.