व्हेपचं लिक्विड: दुकानातलं, घरी मिसळलेलं आणि फसलेलं

आधीच सांगतो, सिगरेट ओढत नसाल तर व्हेपच्या, म्हणजे निकोटिनचं लिक्विड तापवून वाफ ओढायच्या ई-सिगरेटच्या, लिक्विडचा हा रिव्ह्यू तुमच्या कामाचा नाही, आंब्या-फणसाच्या वासाला भुलून उगाच सुरू करू नका, निकोटिन ते निकोटिनच. मी सतरा वर्षं ओढली, सांगलीत कॉलेजमागच्या टपरीपासून ते इथे इंग्लंडात रेडिंगला ऑफिसबाहेर पावसात एका हातात छत्री धरून, दिवसाला पंधरा. इथे वीसच्या पाकिटाला पंधरा पाउंडाच्या वर जातात, महिन्याचा हिशोब बायकोने एकदा फ्रिजवर चिकटवला आणि विषय संपला. इथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, सांगते की सिगरेट सोडायला व्हेप चालेल, धोका सिगरेटपेक्षा बराच कमी, पण अजिबात नाही असं नाही. मी तेवढ्यापुरतंच धरून चाललोय.

सुरुवात सगळ्यांची होते तशीच झाली, डिस्पोजेबलने, म्हणजे संपलं की फेकून द्यायच्या व्हेपने. कलिंगडाचा फ्लेवर, ओढला की बर्फगोळ्याचं पाणी घशात गेल्यासारखं. मग १ जून २०२५ पासून इथे डिस्पोजेबल विकायलाच बंदी आली, म्हणून रिफिलवालं पॉड, म्हणजे पुन्हा पुन्हा भरायचं छोटं व्हेप, घेतलं आणि तिथून लिक्विड निवडायची भानगड सुरू झाली.

दुकान ऑक्सफर्ड रोडच्या बाजूला आहे, नाव टाकत नाही, लगेच लोक म्हणतील पैसे घेऊन लिहिलंय. दोन भिंती भरून दहा-दहा मिलीच्या बाटल्या. नावं अशी की वाचून कशाची चव आहे ते कळणारच नाही, कुठे ढग, कुठे राक्षस, कुठे कोणाच्या तरी आजीचं कस्टर्ड. काउंटरला पंचविशीतला पोरगा, जालंधरकडचा. मी गेल्या गेल्या मँगो विचारला तर म्हणतो, "अंकल, फ्लेवर छोड़ो, पहले ये बताओ कितनी पीते थे?" अंकल. मी एक्केचाळीसचा आहे, केस थोडे गेलेत इतकंच. पण प्रश्न बरोबर होता आणि तो मला आधीच्या कुठल्याच दुकानात कोणी विचारला नव्हता. पंधरा म्हटल्यावर त्याने २० एमजीचं निकोटिन सॉल्ट काढून दिलं. इथे एका मिलीला २० एमजी हीच कायद्याची वरची मर्यादा आहे, निकोटिन असलेली बाटलीही १० मिलीपेक्षा मोठी विकता येत नाही. सॉल्ट घशाला टोचत नाही आणि तलफ लवकर भागते. साध्या निकोटिनला २० एमजीवर ठसका लागतो, मला लागला, ऑफिसच्या मीटिंगच्या दोन मिनिटं आधी.

आता माझा मूर्खपणा. दोन आठवडे बरे गेले आणि हाव सुटली. दुसऱ्या एका ठिकाणी साठ मिलीची बाटली दिसली, ५० मिली बिननिकोटिनचं लिक्विड आणि वर रिकामी जागा, त्यात १८ एमजीचा दहा मिलीचा शॉट, म्हणजे निकोटिनची छोटी बाटली, ओतायचा. याला शॉर्टफिल म्हणतात. स्वस्त पडतं, आणि लेबलवर हापूससारखा केशरी आंबा, पानासकट. घेतलं. हिशोब घरी येऊन केला: १८ गुणिले १० म्हणजे १८० एमजी, भागिले साठ, म्हणजे मिलीला तीन. कुठे वीस आणि कुठे तीन! दिवसभर तोंडात पॉड, तरी तलफ जाईना, संध्याकाळी पेट्रोल पंपावर जाऊन सिगरेट आणली. आठवडाभर मला वाटत होतं फ्लेवर आवडत नाहीये म्हणून मन भरत नाही, म्हणून आणखी दोन फ्लेवर आणले. फ्लेवरचा काही संबंधच नव्हता.

दुसरी गंमत म्हणजे ते लिक्विड ७०/३० होतं. लिक्विडात दोन मुख्य पातळ पदार्थ असतात, व्हीजी म्हणजे भाजीपाल्याचं ग्लिसरीन, मधासारखं घट्ट आणि गोडसर, आणि पीजी म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, पाण्यासारखं, चव आणि घशाला लागणारी हिट त्यातून जास्त येते. सत्तर टक्के व्हीजी हे मोठे ढग काढणाऱ्या मोठ्या मशिनींसाठी. माझ्या एवढ्याशा पॉडमध्ये, १.० ओमच्या कॉइलमध्ये (लिक्विड तापवणारी तार, भोवती कापूस) ते कापसापर्यंत वेळेत पोचतच नाही, कापूस कोरडा पडतो आणि जळतो. तो जळका झुरका ज्याने घेतलाय त्यालाच कळेल, दूध करपल्यावर पातेल्याच्या बुडाचा वास येतो ना, तो थेट घशात. लहान पॉड असेल तर ५०/५० घ्या, नवीन कॉइल भरल्यावर दहा मिनिटं तशीच ठेवा, कापूस भिजू दे.

जालंधरवाल्याकडे परत गेलो, बाटली दाखवली, तो हसला नाही हे त्याचं मोठेपण. त्यानेच विचारलं, घरी मिक्स कराल का? पैसे वाचतील, निकोटिनची ताकद आपल्या हातात राहील. मी हो म्हटलं.

फ्लेवर निवडताना त्याने एकच गोष्ट सांगितली आणि ती मी ऐकली नाही: एका वेळी एकच. मी चार घेतले, आंबा, नारळ, व्हॅनिला कस्टर्ड, पुदिना. मनात हिशोब असा की आंबा-नारळ जमतं, कस्टर्ड घातलं की आम्रखंड होईल आणि पुदिन्याने गार. झालं काय, तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उरलेलं सगळं एका पातेल्यात घालून गरम केल्यावर जी चव येते ती. बायकोने लांबूनच विचारलं, "अरे, बाथरूममध्ये काय सांडलंय का?" वीस मिली सिंकमध्ये टाकायला निघालो तर कळलं की तेही टाकू नये, निकोटिनचं लिक्विड विषारी आहे. माझ्याकडे चार वर्षांची मुलगी आहे म्हणून हे सगळं सामान वरच्या कपाटात, कुलपात, आणि ओतताना हातमोजे. यात थट्टा नाही.

आणखी एक थट्टेत न घ्यायची गोष्ट. घरात केवड्याचं इसेन्स होतं, बासुंदीसाठी आणलेलं. मला वाटलं दोन थेंब टाकून बघावं. दुकानात सहज बोललो तर तो पोरगा पहिल्यांदा आवाज चढवून बोलला, "किचन का कुछ भी नहीं डालना, कुछ भी नहीं!" बरोबर आहे त्याचं. स्वयंपाकाच्या बऱ्याच इसेन्समध्ये तेल असतं, तेल फुप्फुसात गेलं की सहज बाहेर निघत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसं निकामी होऊन माणसं दगावली, त्यात मुख्य कारण निघालं ते गांजाच्या अर्काच्या व्हेप-कार्ट्रिजमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट, तेही तेलकटच. साखर, मध, फळांचा रस, काहीही नाही. खाण्याला चालतं म्हणजे श्वासात चालतं असं नसतं, हे आपल्या डोक्यात बसत नाही कारण आपण जन्मभर तोंडाने चव घेत आलोय.

कस्टर्डचंही तसंच. लोण्यासारखी चव द्यायला पूर्वी डायॲसिटिल वापरायचे, पॉपकॉर्नच्या कारखान्यातले कामगार ज्याने आजारी पडले ते. इथे तयार ई-लिक्विडमध्ये त्याला बंदी आहे, पण सुटी कॉन्सन्ट्रेट, म्हणजे फ्लेवरचे दाट अर्क, बेकिंगसाठी म्हणूनही विकली जातात, म्हणून लेबल वाचा, त्यात डायॲसिटिल नाही असं लिहिलंय का बघा. मी कस्टर्ड वापरतो, कबूल आहे, पण बघून घेतलेलं.

मग शहाण्यासारखं एक-एक सुरू केलं. कॅपेला कंपनीचा स्वीट मँगो, एकटा, आठ टक्के. पहिल्या दिवशी साबणासारखा लागला. बाटली उघडून वास घेऊन फ्लेवर ठरवू नका हे मी इथे शिकलो, कॉन्सन्ट्रेटचा वास म्हणजे हिंगाची डबी नाकाला लावून आमटीची चव ठरवण्यासारखं. चार दिवस अंधारात ठेवला तर साबण गेला आणि आंबा आला. हापूस नाही हां, तोतापुरीच्या फ्रूटीसारखा, पण आंबा. फळांचं दोन-चार दिवसांत जमतं, कस्टर्ड किंवा तंबाखूच्या चवीला दोन-तीन आठवडे द्या. लोणच्याच्या बरणीसारखं आहे, रोज उघडून बघू नये, मी बघतो.

सध्याचं प्रमाण देतो, वीस मिलीसाठी. २० एमजीचा सॉल्टचा एक शॉट, १० मिली, ५०/५० वाला. आंबा १.६ मिली, कस्टर्ड ०.४ मिली, व्हीजी ५ मिली, पीजी ३ मिली. एकूण वीस, ताकद दहा एमजी, आणि फ्लेवर पीजीत असतात म्हणून सगळं मिळून ५०/५० च राहतं. वरून वेलचीच्या कॉन्सन्ट्रेटचा एक थेंब. एक म्हणजे एक. पहिल्यांदा पाच घातले होते तर श्रीखंडात अख्खी वेलचीची डबी सांडल्यासारखं झालं, तीन दिवस चहातही वेलची लागत होती. सिरिंज मिलीची घ्या, डोळ्यांनी अंदाज हा प्रकार फोडणीत चालतो, इथे नाही. लोक वजनकाट्यावर करतात ते जास्त बरोबर, पण मग व्हीजी जड असतं, मिलीला सव्वा ग्रॅम, ते धरावं लागतं, माझं डोकं तिथे चालत नाही.

गोडवा वाढवायचा मोह होईल. सुक्रलोजचे थेंब मिळतात, मी टाकले, चव भारी आली आणि चार दिवसांत कॉइलवर काळं डांबर. एरवी माझी कॉइल दोन आठवडे जाते. दुकानातली बरीचशी मिठाई-चवीची लिक्विडं कॉइल खातात ती याचमुळे. दालचिनी आणि लिंबाच्या जातीच्या फ्लेवरने काही प्लॅस्टिकच्या टाक्यांना तडे जातात, म्हणून मसाला चहाची माझी आयडिया कागदावरच राहिली. आणि कधीतरी अचानक कशालाच चव लागत नाही, लिक्विड खराब झालं असं वाटतं, पण जीभच कंटाळलेली असते. पाणी प्या, दोन दिवस बिनफ्लेवरचं किंवा पुदिन्याचं ओढा.

गणपतीला सांगलीला गेलो तेव्हा पॉड, बाटल्या सगळं इथेच ठेवून गेलो. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेट विकणं, आणणं, साठवणं सगळंच बंद आहे, विकण्या-आणण्याच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मावसभाऊ म्हणाला, "दादा, पुण्यात मिळतंय की सगळं, आणून देऊ का?" मिळत असेल, पण चोरून विकणाऱ्याच्या बाटलीत काय आहे ते त्यालाही माहीत नसतं, आणि केवड्याचा किस्सा मला आठवला. मेडिकलमधून २ एमजीची निकोटिनची च्युइंग गम घेतली आणि आरतीच्या वेळी चघळत उभा राहिलो, आईला वाटलं मुलगा गुटख्याला लागला.

तर रेटिंग. दुकानाला पाचात चार, एक कापला कारण सिरिंजा नेहमी संपलेल्या असतात आणि रविवारी उशिरा उघडतं. घरच्या मिक्सिंगला नवशिक्यासाठी पाचात तीन. आधी दोन महिने तयार ५०/५० सॉल्ट ओढा, ताकद बसू द्या, सिगरेटची आठवण यायची थांबली की मग सिरिंजेला हात लावा. पैशाचं म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२६ पासून इथे दर दहा मिलीला २ पाउंड २० पेन्सचा नवा कर ठरलाय, निकोटिन असो नसो, मग हे सगळं गणित परत मांडावं लागेल. कपाटात मागच्या रविवारची बाटली आहे, आंबा-कस्टर्ड, तीन आठवडे द्यायचे ठरवलंय. काल उघडून बघितली. अजून साबण.